बदामी घेतला, भिंतीवर गुलाबी आला: सारख्या दिसणाऱ्या फिक्या रंगांतून निवड करताना

"ताई, आम्ही बदामी घेतला होता. भिंतीवर गुलाबी आलाय."

दिवाळीच्या आधीच्या दीड महिन्यात हे वाक्य मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. कधी गुलाबीच्या जागी पिवळा असतो, कधी हिरवट, कधी नुसतं "मळकट दिसतंय हो, घर जुनं वाटतंय". पुण्यात रंगाच्या दुकानात टिंटिंग मशीनवर, म्हणजे पांढऱ्या बेसमध्ये रंग मोजून सोडणाऱ्या मशीनवर, मी गेली अकरा वर्षं काम करते. गडद निळा किंवा विटकरी रंग "वेगळाच निघाला" म्हणून परत आलेलं गिऱ्हाईक मला आठवत नाही. तक्रार येते ती मोतिया, क्रीम, बदामी, हस्तिदंती, बिस्किटी याच घराण्यातली. डब्याच्या झाकणावरचं स्टिकर तपासलं तर कोड बरोबर असतो, फॉर्म्युलाही बरोबर असतो. मशीन चुकलेलं नसतं आणि पेंटरकाकांनीही काही मिसळलेलं नसतं. घरातल्या चौघांनी दोन संध्याकाळी शेडकार्ड चाळून, वाद घालून, शेवटी एकमताने ठरवलेला रंग असतो. बऱ्याचदा कर्ज काढून घेतलेल्या घराचा पहिलाच रंग. अशा माणसाला "सवय होईल" असं सांगून परत पाठवणं मला जमत नाही, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

डब्यात नेमकं काय असतं

फिका रंग म्हणजे पांढरा बेस आणि त्यात पडलेलं थोडंसं रंगद्रव्य. लिटरभर मोतिया करायला मशीन अवघे काही मिलिलिटर रंग सोडतं. बहुतेक वेळा त्यात तीनच मुख्य नळ्या चालतात: पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि काळा. पहिले दोन म्हणजे आपल्या पिवडीची आणि गेरूची कारखान्यात तयार झालेली भावंडं, दोन्ही लोखंडाचीच संयुगं. या तिघांचं आपसातलं प्रमाण किंचित बदललं की कार्डावर शेजारी-शेजारी बसलेले सहा "क्रीम" तयार होतात. लाल जरा पुढे गेला तर गुलाबीकडे झुकणारा, पिवळा पुढे गेला तर लोण्याकडे जाणारा. आणि पिवळ्यात काळा पडला तर हिरवट. हे शेवटचं बऱ्याच जणांना खोटं वाटतं. मुलांच्या रंगपेटीतला पिवळा घ्या, त्यात काळ्याचं एक बोट मिसळा, समोर शेवाळी रंग दिसेल. हल्ली मागणी असलेल्या राखाडी-बदामी शेड भिंतीवर हिरव्या का वाटतात, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या काळ्या नळीत असतं.

आपल्या आज्यांना हे गणित माहीत होतं. चुना लावताना त्यात थोडी नीळ घालायच्या. चुन्याचा पिवळेपणा निळीने मारला जायचा आणि भिंत पांढरीशुभ्र दिसायची. नीळ जास्त झाली की भिंत निळी पडायची, आणि मग पुढच्या पाडव्यापर्यंत शेजारणी बोलून दाखवायच्या. इतक्या थोड्या रंगाने अख्खी भिंत इकडची तिकडे होते.

तर पहिलं काम म्हणजे त्या कार्डावरच्या चौकोनात कोणता थेंब पुढे आहे ते ओळखणं. एकटा चौकोन पाहून ते कधीच कळत नाही. एकटा पाहिला की प्रत्येक क्रीम हा क्रीमच असतो. मनात असलेल्या चार शेड कापून घ्या आणि एकमेकांना चिकटवून ओळीत ठेवा. मग कोणता गुलाबी आणि कोणता हिरवट ते आपोआप बोलायला लागतं. झेरॉक्सच्या कागदावर ठेवून पाहू नका. त्या कागदात चमक आणणारी रसायनं असतात, तो निळसर पांढरा असतो, त्याच्यावर सगळेच क्रीम पिवळे दिसतात. आणखी एक सोपी खूण: बहुतेक कार्डांवर एका पट्टीत खाली गडद आणि वर फिकी शेड असते. फिक्या शेडचं कूळ बघायचं असेल तर त्याच पट्टीतली सगळ्यात गडद शेड बघा. ती विटकरी निघाली तर वरची मोतिया कधी ना कधी गुलाबी दिसणार. ती मोहरीच्या रंगाची असेल तर वरची पिवळी पडणार.

गिऱ्हाइकांशी बोलताना मी कार्डावरची इंग्रजी नावं बाजूला ठेवते. त्या नावांनी काहीच कळत नाही. मी विचारते, हा साईसारखा आहे, खरवसासारखा, बासुंदीसारखा की नाचणीच्या पेजेसारखा? आमच्याकडे येणाऱ्या काकू यावर क्षणात उत्तर देतात, आणि ते बरोबर असतं. साय किंचित पिवळी, बासुंदी गुलाबी-तपकिरी, पेज राखाडीकडची. रंग पारखणारा डोळा घरात आधीच असतो, त्याला ओळखीचा शब्द मिळाला की काम होतं.

फरशी आधी, भिंत नंतर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ मला इथेच सापडलेलं आहे.

शेवरल नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ गालिचा-कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथे तक्रार होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही, रंग कच्चा आहे. शेवरल यांनी तपासलं तेव्हा रंगात दोष निघाला नाही. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तोच काळा उतरलेला दिसत होता. शेजारी-शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतात, हा नियम त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. "फॉर्म्युला बरोबर आहे पण रंग चुकलाय" ही आमच्या काउंटरवरची तक्रार म्हणजे त्या गालिच्याचीच तक्रार आहे.

आपल्या घरात भिंतीचा सगळ्यात मोठा शेजारी म्हणजे फरशी. शहाबादी असेल तर ती निळसर राखाडी. तिच्या शेजारी साधा क्रीमसुद्धा जास्त पिवळा भासतो. कोटा बऱ्याचदा हिरवट असतो, तो शेजारच्या भिंतीला गुलाबीकडे ढकलतो. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाचं असंच झालं. मुलाच्या घरी हॉलला जो बदामी छान दिसला, तोच कोड आई-वडिलांच्या कोटा घातलेल्या घरात लावला, आणि तिकडे तो सरळ गुलाबी दिसला. रंग तोच, फरशी वेगळी. नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने घातलेली हस्तिदंती विट्रिफाइड टाइल असते. ती पांढरी आहे असं सगळे धरून चालतात. तिच्यावर पांढरा रुमाल टाकून बघा. बहुतेक वेळा ती पीचकडे किंवा पिवळ्याकडे झुकलेली निघते. तिच्यापुढे राखाडी-हिरवट झुकाव असलेली भिंत आणली की भिंत मळकी वाटते आणि टाइल जुनी. आता फरशी बदलणं शक्य नसतं, त्यामुळे भिंतीने तिच्याशी जमवून घ्यायचं. फरशी गुलाबीकडची असेल तर भिंतीत निदान चिमूटभर लाल हवा, फरशी राखाडी असेल तर भिंतीतला पिवळा कमी हवा.

फरशीच्या खालोखाल दारं-खिडक्या. दाराच्या चौकटीला पांढराशुभ्र ऑइलपेंट आणि भिंतीला मोतिया, अशी जोडी असेल तर मोतिया कळकट दिसतो, कारण शेजारी त्याच्याहून पांढरं काहीतरी उभं आहे. छताचंही तसंच. भिंत क्रीम ठेवायची असेल तर छताला आणि चौकटींनाही दूधपांढरा ठेवा, निळसर पांढरा नको. आणि जुन्या ऑइलपेंटचं लक्षात असू द्या की तो काळाबरोबर पिवळा पडतो, उजेड न लागणाऱ्या जागी जास्तच. कपाट हलवल्यावर मागचा पट्टा पिवळा दिसतो तो त्यामुळे. आज चौकटीशी जुळवलेली भिंत चार वर्षांनी जुळेलच असं नाही.

सागवानी दार, तांबूस पॉलिशचा सोफा, खिडकीबाहेरचं गुलमोहराचं झाड, समोरच्या इमारतीची केशरी भिंत, हे सगळे रंग उजेडाबरोबर आत येतात. कोकणात जांभ्याच्या लाल अंगणावरून उचललेला उजेड ओटीच्या भिंतीला सकाळभर गुलाबी ठेवतो. तिथे लाल झुकावाचा क्रीम लावला की दुप्पट होतो.

उजेडाचा खेळ

परदेशी व्हिडिओंमध्ये एक नियम ठामपणे सांगतात: उत्तरेची खोली थंड, तिथे उबदार रंग लावा. आपल्याकडे तो अर्धाच खरा आहे. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीत तिरकं ऊनही येतं. हिवाळ्यात मात्र तिथे फक्त आकाशाचा निळसर उजेड असतो. म्हणजे त्याच खोलीचे वर्षातून दोन चेहरे. पश्चिमेच्या खोलीत दुपारी चारनंतर भिंत केशरी होते. तिथे आधीच पिवळा असलेला रंग लावणं म्हणजे संध्याकाळी बल्ब न लावता हळदीच्या खोलीत बसणं. आणि पावसाळ्यात, आठ-आठ दिवस ऊन नसतं तेव्हा, काळ्या थेंबाची कुठलीही शेड उदास दिसते. जूनमध्ये रंग निवडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण ढगाळ दिवशी आवडलेला रंग ऑक्टोबरच्या उन्हात भडक निघतो.

रात्रीचा उजेड तर आपण स्वतःच विकत आणतो, पण खोक्यावरचा आकडा कुणी वाचत नाही. आपल्याकडच्या बहुतेक एलईडी ट्यूब ६५०० केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या. त्यांच्याखाली क्रीम फिका, निर्जीव, कधी हिरवट दिसतो. ३००० केल्विनचा पिवळा उजेड त्याच क्रीमला सोनेरी करतो, पण त्यातला पिवळा आणखी चढवतो. मधला पर्याय ४००० केल्विनचा आहे. फिक्या उबदार रंगांच्या घरात हॉलला आणि स्वयंपाकघराला मी तोच सुचवते. खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. तो ९० किंवा जास्त मिळाला तर घ्या. स्वस्त दिव्यांत लाल भागाचा उजेड कमी असतो, आणि बदामी रंगातली ऊब त्या लालवरच तर उभी असते.

दुकानात पडद्याच्या कापडाशी जुळलेली भिंत घरी न जुळण्याचं कारणही हेच. दोन वस्तू एका उजेडात हुबेहूब सारख्या आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. उपाय एकच, कापड आणि रंग दोन्ही आपल्याच दिव्याखाली पाहायचे.

कार्डापेक्षा भिंत गडद का दिसते

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की वेगळा घेते. कार्डावरच्या चौकोनावर उजेड एकदा पडतो आणि डोळ्यात येतो. खोलीत तो एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जातो, तिथून परत, आणि प्रत्येक उसळीला थोडा-थोडा रंग उचलतो. चार भिंती एकमेकींना रंगवत असतात. म्हणून कार्डावर जेमतेम दिसणारा पीच खोलीत ठसठशीत होतो, कोपऱ्यांत तर जास्तच. मनात बसलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्या, किंवा दुकानदाराला तोच फॉर्म्युला निम्म्या ताकदीने करायला सांगा. मशीनवर ते सहज होतं. मात्र झुकाव तोच राहतो, फक्त आवाज कमी होतो. गुलाबीच नको असेल तर निम्मा गुलाबी घेऊन उपयोग नाही, पट्टीच बदलायला हवी.

फिनिशचाही फरक पडतो. कार्डावरचा चौकोन गुळगुळीत असतो. तीच शेड मॅटमध्ये जरा मऊ आणि धुरकट दिसते, शाईनमध्ये उजळ आणि चटक. नमुना ज्या फिनिशचा, भिंतही त्याच फिनिशची.

नमुना कसा लावायचा

भिंतीवर चार शेडचे चार ठिपके शेजारी-शेजारी मारणं ही सगळीकडची पद्धत आहे, आणि तीच फसवते. जुन्या पिस्ता भिंतीवर मारलेला मोतिया गुलाबीच दिसणार, कारण भोवती हिरवा आहे. शिवाय एका हाताखालून जुना रंग डोकावत असतो.

त्यापेक्षा स्टेशनरीच्या दुकानातून पांढरी जाड कार्डशीट आणा. जितक्या शेड, तितक्या शीट. तीन शेडच्या पुढे जाऊ नका, डोळा गोंधळतो. सगळ्यात लहान डबा घ्या, पूर्ण शीटवर कडेपर्यंत दोन हात मारा, मध्ये पुरेसा वेळ वाळू द्या. कडेला पांढरी चौकट सोडू नका. दुसऱ्या दिवशीच निकाल बघायचा. ओला प्लॅस्टिक पेंट आणि वाळलेला यात फरक असतो, वाळल्यावर तो बहुधा किंचित गडद होतो. पेंटरकाका रोलर फिरवत असताना "अहो, हा नाही" म्हणून काम थांबवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि संध्याकाळपर्यंत तोच रंग त्यांना पटलेला पाहिला आहे.

वाळलेली शीट भिंतीला टेकवून उभी करा, खालची कड फरशीला लागलेली. एका वेळी एकच. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर, आणि खिडकीच्या समोरच्या भिंतीवर तसंच खिडकीच्याच भिंतीवर. खिडकीच्या भिंतीवर उजेड कमी पडतो, तिथे रंग सगळ्यात मळका दिसतो. तिथे चालला तर कुठेही चालेल. मोबाइलमध्ये फोटो काढून बहिणीला पाठवून विचारू नका. फोन स्वतःच्या हिशेबाने पांढरा ठरवतो आणि तुमचा पिवळा खाऊन टाकतो. बहिणीलाच चहाला बोलवा.

निवड करताना "कोणता आवडला" असं विचारू नका, घरात भांडणं होतात. "कोणता खुपतोय" विचारा. खुपणारा काढायचा, उरलेला लावायचा. दोन उरले आणि फरक कळेनासा झाला, तर कमी पिवळा घ्या. आपल्याकडचं ऊन, हळदीच्या फोडणीचा धूर आणि काळ, तिघंही भिंतीला पिवळ्याकडेच नेतात.

लावून झालाय, आता काय

आधी दिवा बदला. सगळ्यात स्वस्त उपाय तोच, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. ६५०० ची ट्यूब काढून एका खोलीत ४००० ची लावून दोन रात्री बघा. मग एका भिंतीजवळ पांढरी चादर फरशीवर पसरून बघा. चादर टाकल्यावर गुलाबी कमी झाला तर दोष फरशीच्या शेजाराचा आहे, मोठी सतरंजी किंवा गालिचा बरंच सांभाळून घेईल.

तरी खुपत असेल तर आणखी एक हात मारावा लागेल. गुलाबी भिंतीवर तेवढ्याच उजळपणाची, पिवळ्याकडे झुकलेली शेड घ्या. हिरवट भिंतीला चिमूटभर लाल असलेली. सगळ्या भिंती एकदम करू नका, खिडकीसमोरची एक करून दोन दिवस थांबा. डब्यात स्टेनरची, म्हणजे दाट सुट्या रंगाची, बाटली हातानेच ओतून "सुधारून देतो" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. तो रंग पुन्हा कधीच तसाच तयार होणार नाही, आणि एका भिंतीला डबा कमी पडला की अडचण होते.

भिंतीवर ढगांसारखे पिवळे डाग असतील, किंवा पापुद्रे सुटत असतील, तर ते शेडचं दुखणं नाही. ओल आहे. आधी ती शोधा, त्यावर कुठलाही रंग टिकणार नाही.

काही भाग वेगळा दिसतो, बाकी ठीक, असं असेल तर डब्यांकडे बघा. एकाच कोडचे दोन डबे किंचित वेगळे निघू शकतात. काम सुरू करण्याआधी सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळायचे, हे पेंटरकाकांना पहिल्या दिवशीच सांगा. जमलं नाही तर निदान एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकाच डब्यातून.

आणि झाकण फेकू नका. स्टिकरवर कोड, बेस आणि फॉर्म्युला असतो. त्याचा फोटो काढा, खाली खोलीचं नाव, फिनिश आणि तारीख लिहा, एक प्रत वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवा. तीन वर्षांनी स्विचबोर्डाभोवतीचे डाग झाकायला माझ्याकडे याल तेव्हा "तो मागच्या वेळचा क्रीम" एवढ्यावर मला काही करता येणार नाही. तो फोटो असेल तर दहा मिनिटांत डबा तयार करून देते.